दलदलीच्या कांठचें देवमंदिर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे, लंडनच्या ईशान्येस सुमारें शंभर मैलांवर, सफक परगण्यांत ब्लायबरो नांवाचें एक लहानसें खेडें आहे. वस्ती अवघी कांहीं शेंकड्यांची. गांवाच्या पायथ्याशीं ब्लाय नदी वाहते. भरतीच्या वेळीं तिचें पात्र पसरून एखाद्या मोठ्या सरोवरासारखें दिसतें आणि ओहोटी लागली कीं मैल दोन मैल नुसता चिखल व लव्हाळीं उरतात. या पाणथळ प्रदेशाच्या कडेला एका उंचवट्यावर पवित्र त्रिमूर्तीचें, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवें बांधलेलें, चर्च उभें आहे. त्याची लांबी सुमारें १३० फूट आहे. एवढ्याशा गांवाला एवढें मोठें मंदिर कशाला, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत प्रथमच उभा राहतो. आसपासचे लोक त्याला ‘दलदलीवरचें कथीड्रल’ म्हणतात. वस्तुतः कथीड्रल म्हणजे बिशपाची गादी असलेलें चर्च. तो मान ब्लायबरोला कधींच नव्हता. हें खेड्यांतील साधें पॅरिश चर्च, आपल्याकडील भाषेंत बोलायचें तर ग्रामदेवतेचें देऊळ होय.

गॉथिक पद्धतीचीं चर्चें आपणांस अगदींच अपरिचित नाहींत. कुलाब्याचें अफगाण चर्च, किंवा मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, हीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना टोंकदार कमानी, उंच खिडक्या व आकाशांत घुसणारे मनोरे यांची ओळख आहे. परंतु या सर्व इमारती एकोणिसाव्या शतकांतील आहेत. मध्ययुगांतील कारागिरांच्या कामाचा विलायतेंत नव्यानें अभ्यास झाला आणि त्या अभ्यासांतून त्या उभ्या राहिल्या. ज्या मूळ मंदिरांवरून हा अभ्यास झाला, त्यांपैकीं एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगतांना दगडमातीबरोबरच आणखी एका प्रश्नाचा विचार आपोआप करावा लागेल. जुनी वास्तु मोडकळीस आली म्हणजे तिचें काय करावें, हा तो प्रश्न. आणि तो आपल्याही दारांत उभा आहे.

ब्लायबरोचा इतिहास चर्चच्या इमारतीहून पुष्कळ जुना आहे. इ. स. ६५४ च्या सुमारास पूर्व अँगलियाचा राजा अ‍ॅना हा जवळच्याच रणभूमीवर मारला गेला. नांवावरून ही राणी असावी असें वाटेल, परंतु अ‍ॅना हा पुरुष होता. तो ख्रिस्ती झालेला होता व मूर्तिपूजक शत्रूशीं लढतांना पडला, म्हणून पुढें त्याचें स्मरण भक्तिभावानें होऊं लागलें. त्याचा देह ब्लायबरोस ठेवला होता असें बाराव्या शतकांतील लेखांत सांगितलेलें आहे. याच शतकांत येथें ऑगस्टीन पंथाच्या साधूंचा एक लहान मठ स्थापन झाला. आज दिसणारें चर्च याहून बरेंच अलीकडचें आहे. त्याचा मनोरा चौदाव्या शतकांतील असून बाकीचें मंदिर पंधराव्या शतकांत नव्यानें बांधलें. १४१२ मध्यें मठाधिपतीला नवें चर्च बांधण्याची परवानगी मिळाली आणि पुढें कित्येक वर्षें काम चालू राहिलें.

एवढा पैसा आला कोठून? त्या काळीं ब्लायबरो हें चिखलाच्या कांठचें खेडें नव्हतें, तें बंदर होतें. समुद्र तेथून चार पांच मैलांवर आहे, पण नदीवाटे गलबतें गांवापर्यंत येत. सफक परगणा लोकरीच्या व कापडाच्या व्यापारानें गबर झालेला होता. मात्र नुसत्या श्रीमंतीनें देवळें उभीं रहात नाहींत. श्रीमंताच्या मनांत तशी प्रेरणा असावी लागते. मरणानंतर आत्म्याला शुद्धिलोकांत कांहीं काळ यातना सोसाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेनें त्या कमी होतात, अशी त्या काळच्या लोकांची दृढ श्रद्धा होती. म्हणून व्यापारी आणि जमीनदार मृत्युपत्रांत चर्चच्या बांधकामासाठीं रकमा ठेवीत व त्या मोबदल्यांत गांवकऱ्यांनीं आपल्यासाठीं प्रार्थना करावी एवढीच अपेक्षा करीत. ब्लायबरोचे जमीनदार हॉप्टन घराणें होतें. त्यांचें स्वतंत्र प्रार्थनास्थान या चर्चमध्यें अद्याप त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें, आणि १४७८ मध्यें वारलेल्या जॉन हॉप्टनची समाधीही तेथें आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. हें चर्च आज अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या मालिकेंतील आहे. पण तें बांधलें तेव्हां अँग्लिकन असा वेगळा पंथ अस्तित्वांतच नव्हता. सारें इंग्लंड रोमच्या पोपला मानीत होतें आणि प्रार्थना लॅटिन भाषेंत चालत. १५३४ मध्यें आठव्या हेन्रीनें पोपशीं संबंध तोडून स्वतःस इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविलें. १५४९ मध्यें इंग्रजी भाषेंतील प्रार्थनाग्रंथ लागू झाला. इंग्लंडांतील प्रत्येक मध्ययुगीन खेड्याचें चर्च अशा रीतीनें एका धर्मव्यवस्थेंत जन्मलें आणि दुसरींत वाढलें. भिंती त्याच राहिल्या, पण त्यांच्या आंत काय असावें याची कल्पना पार पालटली. या पालटाच्या खुणा ब्लायबरोच्या अंगावर जागोजाग आहेत.

आतां इमारतीकडे वळूं. इंग्लंडच्या चर्चची मांडणी समजण्यास आपल्या देवळाची आठवण उपयोगीं पडते. आपल्याकडे सभामंडप आणि गाभारा असतो. तेथें सभामंडपाच्या जागीं ‘नेव्ह’ आणि गाभाऱ्याच्या जागीं ‘चान्सेल’ असतें. नेव्ह हें गांवकऱ्यांचें, तर चान्सेल धर्मोपदेशकाचें. मध्यें लांकडी जाळीदार पडदा असे. वेदी पूर्वेच्या भिंतीशीं असते व मनोरा बहुधा पश्चिमेच्या टोंकाला. नेव्हच्या दोन्ही अंगांस खांबांच्या ओळीपलीकडे पडव्यांसारखीं लांब दालनें असतात. त्यांना ‘आइल’ म्हणतात. ब्लायबरोला हीं सारीं अंगें आहेत. मात्र नेव्ह आणि चान्सेल यांवर एकच अखंड छप्पर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेलें आहे. त्यामुळें आंत शिरतांच दृष्टि कोठेंही न अडतां थेट पूर्वेच्या खिडकीपर्यंत जाते.

सफक परगण्यांत बांधकामाचा चांगला दगड निघत नाहीं. जमिनींत आणि किनाऱ्यावर विपुल सांपडते ती गारगोटी, म्हणजे चकमकीचा दगड. त्याचे सरळ चौकोनी चिरे पडत नाहींत. तेथील गवंड्यांनीं या अडचणींतूनच एक कला निर्माण केली. गारगोटी फोडली कीं आंतून काळसर, काचेसारखी तुळतुळीत बाजू निघते. ती बाजू दर्शनीं ठेवून, जलमार्गानें बाहेरून आणलेल्या फिक्या चुनखडी दगडाच्या नक्षीमध्यें हे तुकडे घट्ट बसवीत. काळ्यावर पांढरी अशी ही वेलबुट्टी पावसानें भिजली कीं विशेष खुलते. ब्लायबरोच्या पूर्वेकडील भिंतीवर मोठ्या खिडकीखालीं याच पद्धतीनें मुगुट धारण केलेल्या अक्षरांची एक ओळ बसविलेली आहे. प्रत्येक अक्षर एकेका लॅटिन शब्दाचें आद्याक्षर असावें असें मानतात, आणि पंडित त्यांची नाना प्रकारें फोड करीत आले आहेत.

परंतु ब्लायबरोचें खरें वैभव प्रकाशांत आहे. पंधराव्या शतकांत इंग्लंडांत गॉथिक पद्धतीनें जें रूप घेतलें, त्याला ‘परपेंडिक्युलर’ म्हणजे लंबरेषांची पद्धति असें नांव आहे. हें रूप इंग्लंडचें स्वतःचें. युरोपांत इतरत्र तें आढळत नाहीं. कमानी अधिक सपाट होतात, खिडक्या मोठ्या होतात, आणि त्यांतील दगडी पट्ट्या सरळ उभ्या वर चढत जातात. भिंत जणू पातळ होत होत कांचेची व्हावी, असा कारागिरांचा प्रयत्न दिसतो. ब्लायबरोच्या आइलांना मोठ्या खिडक्या आहेतच. शिवाय आइलांच्या छपरावर नेव्हची जी भिंत उंच उठते, तिच्यांत प्रत्येक बाजूस १८ खिडक्यांची एक सलग रांग आहे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत कोठून ना कोठून उजेड आंत येत असतो. त्या उजेडांत वर पाहिलें कीं लांकडी छताच्या आडव्या तुळयांवर पंख पसरलेले देवदूत दिसतात. प्रत्येक तुळईच्या मध्यावर दोन दोन देवदूत पाठीला पाठ लावून कोरलेले आहेत, म्हणजे वेदीकडे जाणाऱ्याला एक दिसतो आणि परत फिरणाऱ्याला दुसरा. छतावरील तांबडा, हिरवा आणि पांढरा रंग पांचशें वर्षांत विटला आहे, तरी तो मूळचा आहे. त्यावर पुन्हा कुंचला फिरलेला नाहीं.

देवदूतांवरून नजर खालीं आली कीं माणसें भेटतात. बसण्याच्या बाकांच्या टोंकांवर लहान लहान लांकडी मूर्ति आहेत. सात महापापांपैकीं आळस हा अंथरुणांत बसलेला दाखविला आहे, खादाडपणा आपलें सुटलेलें पोट संभाळीत आहे, लोभ पेटीवर ठाण मांडून बसला आहे, आणि निंदकाची जीभ तोंडाबाहेर आली आहे. दुसऱ्या कांहीं बाकांवर शेतकऱ्याचें वर्ष कोरलें आहे; त्यांत पेरणी आहे, कापणी आहे, हिवाळ्याच्या तोंडीं डुक्कर मारणेंही आहे. ज्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें अशा लोकांसाठीं हें पुस्तकच होतें. आपल्या मंदिरांच्या बाह्यांगावर दैनंदिन जीवनाचीं शिल्पें असतात, त्यांची येथें आठवण झाल्याखेरीज रहात नाहीं. याशिवाय १६८२ सालची एक चिलखत घातलेली लांकडी बाहुली येथें आहे. हातांतील शस्त्रानें घंटेवर टोला देऊन तास वाजविणें हें तिचें मूळ काम. लोक तिला ‘जॅक’ म्हणतात.

येथपर्यंत उत्कर्षाची कथा झाली. सोळाव्या शतकांत वारे फिरले. हेन्रीनें देशांतील मठ बंद केले, त्यांत १५३७ मध्यें ब्लायबरोचाही मठ बुडाला. पुढें मृतांसाठीं प्रार्थना करविण्याची चाल नव्या धर्ममताप्रमाणें त्याज्य ठरली आणि १५४७ मध्यें त्यासाठीं ठेवलेलीं उत्पन्नें सरकारजमा झालीं. ज्या श्रद्धेच्या पोटीं हें मंदिर उभें राहिलें, ती श्रद्धाच बेकायदा झाली. त्याच सुमारास नदीचें मुख गाळानें भरूं लागलें, गलबतें येईनाशीं झालीं, आणि व्यापार दुसरीकडे गेला. मागें राहिलें तें गरीब झालेलें गांव आणि त्याच्या माथ्यावरचें अवाढव्य चर्च.

त्यांत निसर्गाचा घाला आला. ४ ऑगस्ट १५७७ रोजीं, रविवारच्या सकाळीं प्रार्थना चालू असतां मोठें वादळ झालें. मनोऱ्यावरील उंच शिखर कोसळून छप्पर फोडीत आंत पडलें आणि प्राणहानि झाली. त्याच दिवशीं जवळच्या बंगे गांवींही असाच प्रकार घडला. तेथील हकीकतीचें एक चोपडें लंडनमध्यें छापलें गेलें, आणि त्यांत सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपानें चर्चमध्यें धांवत गेला असें वर्णन आलें. ब्लायबरोच्या उत्तरेकडील दारावर जळल्याचे डाग आहेत. ते या कुत्र्याच्या नखांचे असें आजही कौतुकानें सांगतात. उंच शिखरावर वीज पडणें यांत नवल कांहींच नाहीं. आणि डागांविषयीं म्हणाल तर असे जळके ठसे इंग्लंडांतील अनेक जुन्या दारांवर व तुळयांवर आढळतात; अरिष्ट टळावें म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीनें ते मुद्दाम केलेले असावेत असें अभ्यासकांचें मत आहे. तुटलेलें शिखर मात्र पुन्हा कधीं बांधलें गेलें नाहीं. मनोरा आजही सपाट माथ्याचाच आहे.

यानंतरचा आघात माणसांनीं केला. सतराव्या शतकांत राजा आणि पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी माजली. पार्लमेंटच्या पक्षांत प्युरिटन लोकांचें प्राबल्य होतें. मूर्ति, चित्रें, क्रूस हीं सारीं त्यांस अंधश्रद्धेचीं साधनें वाटत. त्यांच्या वतीनें विल्यम डाउझिंग नांवाच्या गृहस्थास पूर्वेकडील परगण्यांतील चर्चें ‘शुद्ध’ करण्याचें काम मिळालें. १६४३ व १६४४ या दोन सालांत त्यानें अडीचशेंहून अधिक चर्चें धुंडाळलीं आणि प्रत्येक ठिकाणीं काय फोडलें याची रोजनिशी ठेवली. एप्रिल १६४४ मध्यें तो ब्लायबरोस आला. वीस चित्रें त्यानें तेथल्या तेथें फोडविलीं, आणखी दोनशेंहून अधिक आठ दिवसांत काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि वीस देवदूत खालीं उतरविण्यास फर्माविलें. चित्रें म्हणजे बहुतेक रंगीत कांचेचीं होतीं. तीं गेलीं, आज खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत त्यांचे कांहीं तुकडे तेवढे शिल्लक आहेत. परंतु देवदूत राहिले! हुकूम देऊन डाउझिंग पुढच्या गांवीं गेला. त्या मूर्तींपर्यंत पोंचायचें तर उंच परांची बांधावी लागली असती. तिचा खर्च गांवाला परवडणारा नव्हता, किंवा गांवकऱ्यांच्या मनांतच तें करावयाचें नव्हतें. कारण कोणतेंही असो, हुकुमाची अंमलबजावणी झाली नाहीं, एवढें खरें.

देवदूतांच्या अंगांत शिशाचे छर्रे रुतलेले होते. डाउझिंगच्या शिपायांनीं खालून बंदुका झाडल्या, त्यांच्या या खुणा, अशी समजूत पुष्कळ दिवस चालत आली. परंतु विसाव्या शतकांत दुरुस्तीच्या वेळीं हे छर्रे काढून तपासले तेव्हां ते अठराव्या शतकांतील ठरले. चर्चच्या जमाखर्चांत त्या शतकांत एक वेगळीच बाब आढळते. छपरांत घरटीं करणारे कावळ्याच्या जातीचे पक्षी मारण्यासाठीं पैसे दिल्याची ती नोंद आहे. म्हणजे देवदूतांना जखमा झाल्या त्या धर्मद्वेषानें नव्हेत, तर पक्षी हांकलण्याच्या खटपटींत. लोकप्रिय कथेपेक्षां जमाखर्चाची वही अधिक खरें बोलते, याचा हा चांगला दाखला आहे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत चर्चची दैना होत गेली. फुटलेल्या खिडक्या विटांनीं बुजविल्या. छप्पर गळूं लागलें. पावसाळी हवेंत मंडळी छत्र्या उघडून प्रार्थनेस बसत असें सांगतात. अखेर १८८१ मध्यें इमारत धोक्याची म्हणून बिशपानें ती बंद करविली. आतां कांहींतरी करणें भागच होतें. पण काय करावें यावर मोठा वाद माजला.

त्या काळीं इंग्लंडांत जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार करण्याची लाट आलेली होती. शिल्पकार जुनी इमारत पाहून तिचें ‘खरें’ मध्ययुगीन रूप मनाशीं ठरवीत, नंतरच्या काळांतील भर काढून टाकीत, झिजलेला दगड फेकून त्या जागीं नवा कोरीव दगड बसवीत. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे या पद्धतीचे अध्वर्यु. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे तेच स्कॉट! त्यांच्या हातून ट्यूक्सबरीच्या प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार होणार असें १८७७ मध्यें कळलें, तेव्हां कवि व कारागीर विल्यम मॉरिस यानें वर्तमानपत्रांतून जाहीर निषेध केला आणि त्याच वर्षीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन केली. संस्थेचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : जुन्या कारागिराचें काम आपल्याला पुन्हा करतां येत नाहीं. त्याचा हात, त्याची श्रद्धा, त्याचा काळ हीं गेलीं तीं गेलीं. आपण नवें कोरूं तें जुन्याचें सोंग होईल. म्हणून गळतें छप्पर बुजवा, खचणाऱ्या भिंतीला आधार द्या, आणि याहून अधिक कांहीं करूं नका.

या संस्थेनें ब्लायबरोच्या जीर्णोद्धार समितीशीं नेटानें झगडा केला. समितीचीही बाजू अगदींच पोकळ नव्हती. गांवकऱ्यांना पुराणवस्तुसंग्रहालय नको होतें. त्यांना दर रविवारीं बसण्यास कोरडी जागा हवी होती. १८८४ मध्यें चर्च पुन्हा उघडलें तें मोठ्या नूतनीकरणाशिवायच. संस्थेच्या विरोधाइतकेंच निधीच्या टंचाईचेंही यांत अंग होतें. आणि पुढें दुरुस्ती झाली ती तुकड्यातुकड्यानें, कित्येक दशकें. ज्या दारिद्र्यामुळें गांव देवदूत उतरवूं शकलें नाहीं, त्याच दारिद्र्यामुळें तें त्यांना नवा रंगही देऊं शकलें नाहीं.

या वादाचें मर्म समजण्यास ब्लायबरोहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. समजा, पैसा मुबलक असता आणि चर्च ‘मूळ रूपांत’ आणावयाचें ठरलें असतें, तर मूळ रूप कोणतें धरावयाचें? पंधराव्या शतकांत या खिडक्यांत रंगीत कांचा होत्या आणि आंतील प्रकाश निळा तांबडा होता. आज पांढऱ्या कांचांतून येणारा जो स्वच्छ उजेड पाहून माणूस थक्क होतो, तो डाउझिंगच्या हातोड्याचा परिणाम आहे. शिखर पुन्हा बांधावें तर १५७७ चें वादळ पुसलें जाईल. छर्ऱ्यांचीं भोंकें बुजवून रंग दिला तर जमाखर्चाच्या वहींतील नोंद निराधार होईल. वास्तूचें रूप एका दिवशीं ठरत नाहीं. बांधणारे, मोडणारे, हयगय करणारे आणि डागडुजी करणारे अशा सर्वांनीं मिळून तें घडविलेलें असतें.

चर्च आज जिवंत आहे. तेथें नित्याची उपासना चालते. १९६९ च्या जून महिन्यांत जवळच्या आल्डबरो संगीत महोत्सवाचें नाट्यगृह आगीनें भस्मसात झालें, तेव्हां बेंजामिन ब्रिटन यांच्या महोत्सवाला या छताखालीं आसरा मिळाला. तरीही काळजी संपलेली नाहीं. इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चकडे सुमारें सोळा हजार प्रार्थनामंदिरें आहेत. त्यांतील बहुसंख्य प्राचीन वास्तु म्हणून संरक्षित आहेत आणि पुष्कळशीं अशाच लहान खेड्यांत आहेत. उपासकांची संख्या घटत आहे. ज्या चर्चांना कोणीच वाली उरला नाहीं, अशांसाठीं १९६९ मध्यें एक स्वतंत्र निधि स्थापन झाला, आणि आज त्याच्याकडे साडेतीनशेंहून अधिक चर्चें आलेलीं आहेत. बाकीच्यांचें छप्पर मूठभर गांवकऱ्यांच्या वर्गणीवर उभें आहे.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द मोठा पुण्यप्रद मानला जातो, आणि तो तसा आहेही. पडत्या देवळाला हात देणारा मनुष्य धन्यच. परंतु जुन्या कोरीव दगडावर तैलरंगाचे थर चढलेले, किंवा झिजलेल्या पायऱ्या उखडून गुळगुळीत फरशी बसविलेली आपण सर्वांनीं पाहिली आहे. उद्धार करणाऱ्याचा हेतु उत्तम असतो. पण काम संपतें तेव्हां जीर्ण तें जातें आणि त्याबरोबर प्राचीन तेंही जातें. ब्लायबरोच्या देवदूतांना वांचविलें तें कोणा धनिकानें नव्हे. गांवकऱ्यांनीं छप्पर शाकारलें, पाणी अडविलें, आणि उरलेलें जसें होतें तसें राहूं दिलें. जुन्या वास्तूची सेवा पुष्कळदां एवढीच असते, आणि ती दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं करावी लागते.